गहू-दूध बंद केलं की ऑटिझम कमी होतो का?

मुलाला ऑटिझम आहे असं निदान झालं की थोड्याच दिवसांत घरच्यांच्या कानावर एक सल्ला पडतो: गहू बंद करा, दूध बंद करा. कुणाच्या तरी भाच्याला म्हणे सहा महिन्यांत फरक पडला, नजरेला नजर देऊ लागला, चार शब्द बोलू लागला. थेरपी सेंटरच्या बाहेर बाकावर दोन आया शेजारी बसल्या की हा विषय निघतोच. आणि त्या रात्री घरी जाऊन कुणी पोळ्या आणि दूध बंद करायचं ठरवलं, तर त्यांना नावं ठेवायचा अधिकार कुणालाही नाही. ‘यावर गोळी नाही, थेरपी करत राहा’ एवढंच ऐकून आलेल्या आईबापांना स्वतःच्या हातात असलेली ही एकच गोष्ट दिसत असते.

या सल्ल्यात खऱ्याचा अंश आहे. पण तो अंश जिथे आहे तिथे सहसा कुणी बोट ठेवत नाही, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी जे पक्कं माहीत आहे ते. ऑटिझम असलेल्या मुलांना पोटाचे त्रास इतर मुलांपेक्षा बरेच जास्त असतात. 2014 मध्ये तोवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा या मुलांमध्ये पोटाच्या तक्रारी असण्याची शक्यता सुमारे चौपट निघाली. बद्धकोष्ठता, जुलाब, पोटदुखी हे तिन्ही त्यात आले. 2018 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या आकडेवारीवरून आणखी एक गोष्ट पुढे आली: ऑटिझम असलेल्या मुलांपैकी सुमारे 11 टक्के मुलांना अन्नाची अ‍ॅलर्जी असल्याचं पालकांनी सांगितलं होतं, तर ऑटिझम नसलेल्या मुलांत हे प्रमाण 4 टक्क्यांच्या आसपास होतं. अ‍ॅलर्जीमुळे ऑटिझम होतो असा याचा अर्थ नाही. दोन गोष्टी एकत्र दिसतात, एवढंच त्यातून कळतं. पण एवढंही पुरेसं महत्त्वाचं आहे, कारण ज्या मुलाचं पोट दुखतंय आणि ज्याला ते सांगता येत नाही, त्याचं काय होतं हा सगळ्या विषयाचा गाभा आहे.

चार वर्षांचं बोलणारं मूल पोट दुखलं की आईजवळ येऊन सांगतं. न बोलणारं मूल सोफ्याच्या हातावर पोट दाबून पालथं पडून राहतं. टेबलाच्या कडेवर पोट टेकवून उभं राहतं. शर्टाची कॉलर चावून चावून ओली करतं, मूठ तोंडात घालतं, रात्री दोन वाजता किंचाळत उठतं, स्वतःच्या डोक्यावर मारून घेतं, आणि जेवल्यावर अर्ध्या तासाने चिडचिडीचा झटका येतो. हे सगळं पाहून घरातले म्हणतात, ‘ऑटिझम वाढलाय.’ कधीकधी डॉक्टरही तेच म्हणतात, आणि पोटाला हात लावून पाहायचं राहूनच जातं. 2010 मध्ये पोटविकार, बालरोग आणि मानसोपचार या क्षेत्रांतल्या तज्ज्ञांच्या एका गटाने अमेरिकेत एकत्र बसून यावर मत नोंदवलं. ऑटिझम असलेल्या मुलाच्या वागण्यात अचानक बिघाड झाला तर पोटदुखीची शक्यता तपासा, आणि इतर कुठल्याही मुलाच्या पोटाची जशी नीट तपासणी व उपचार कराल तसेच याचेही करा, असा त्याचा आशय होता. वाचायला साधं आहे. प्रत्यक्षात ते फार कमी मुलांच्या वाट्याला येतं.

यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित त्रास म्हणजे बद्धकोष्ठता. पांढरा भात, बिस्किटं, दूध, बटाटा एवढ्यावरच मूल जगत असेल, पाणी जेमतेम पीत असेल आणि फ्लशच्या आवाजाला घाबरून संडासात जायलाच नकार देत असेल, तर शी कडक होते. एकदा दुखलं की मूल ती रोखून धरतं: पायांची अढी घालतं, चवड्यांवर उभं राहतं, पडद्यामागे जाऊन ताठ होतं. आत शी साठत जाते आणि तिच्या कडेने पातळ शी झिरपून चड्डी खराब होते. घरच्यांना वाटतं जुलाब होताहेत, म्हणून ते आणखी मऊभात आणि केळं देतात. अशा मुलाला महिनोन्‌महिने रोज थोडं थोडं पोट दुखत असतं, आणि थेरपीत त्याचं लक्ष लागत नाही म्हणून सगळे काळजीत असतात.

आता ‘दूध सोसत नाही’, ‘गहू बाधतो’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ होते. त्यांच्या तपासण्या वेगळ्या, उपायही वेगळे.

पहिली खरी अ‍ॅलर्जी. शरीराची रोगप्रतिकारशक्ती दुधातल्या किंवा गव्हातल्या प्रथिनाला शत्रू समजते. अंगावर पित्ताच्या गांधी उठणं, ओठ सुजणं, उलटी, धाप असं काही मिनिटांत ते दोनेक तासांत होतं. दुधाच्या अ‍ॅलर्जीचा एक सावकाश वागणारा प्रकारही असतो, त्यात शीतून रक्त जातं, जुलाब होतात, आणि काही मुलांत चक्क बद्धकोष्ठता होते. 1998 मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी जुनाट बद्धकोष्ठता असलेल्या 65 लहान मुलांना आलटून पालटून गायीचं आणि सोयाबीनचं दूध दिलं. सोयाबीनच्या दुधावर त्यातल्या 44 मुलांचं पोट साफ होऊ लागलं. हा अभ्यास ऑटिझमविषयी नव्हता. पण ऑटिझम असलेलं मूलही याच वाटेने जात असू शकतं.

दुसरी गोष्ट म्हणजे दुधातली साखर न पचणं. लॅक्टोज पचवणारं लॅक्टेज हे विकर बहुसंख्य भारतीयांमध्ये बालपण सरता सरता कमी होत जातं. मग दूध प्यायल्यावर पोटात गुरगुर, गॅस, कळ, पातळ शी. अशा मुलाला दही-ताक बहुधा चालतं, कारण विरजणाने काही साखर आधीच फस्त केलेली असते. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला मात्र दही-ताक-पनीर काहीच चालत नाही. दोन्ही मुलांच्या घरी ‘दूध चालत नाही’ असंच म्हणतात, म्हणून एकाच्या आईचा अनुभव दुसऱ्याच्या आईला जसाच्या तसा उपयोगी पडत नाही.

तिसरी, सीलिअ‍ॅक. यात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. मूल वाढत नाही, पोट फुगतं, रक्त कमी होतं. उत्तर भारतात हा आजार शंभरात सुमारे एकाला असतो. ऑटिझम असलेल्यांत सीलिअ‍ॅक खरोखर जास्त असतो का, हे स्वीडनमध्ये राष्ट्रीय नोंदींवरून तपासलं गेलं आणि 2013 मध्ये त्याचा निष्कर्ष आला: आतड्याच्या तपासणीत सिद्ध झालेल्या सीलिअ‍ॅकचा ऑटिझमशी ठळक संबंध दिसला नाही. मात्र आतडं ठीक असूनही रक्तातली सीलिअ‍ॅकची चाचणी पॉझिटिव्ह आलेल्यांमध्ये ऑटिझमचं प्रमाण जास्त दिसलं. याचा नेमका अर्थ अजून लागलेला नाही.

आणि इथेच एक व्यवहाराची गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख दहा वेळा लिहीन: गहू बंद करायचा विचार मनात असेल तर सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू बंद करण्याआधी करून घ्या. मूल रोज गहू खात असतानाच ती खरी येते. दोन-चार महिने गहू सोडल्यावर केली तर आजार असूनही निकाल स्वच्छ येऊ शकतो, आणि मग निदानासाठी त्या लेकराला पुन्हा काही आठवडे गहू खाऊ घालण्याची पाळी येते.

आता मूळ प्रश्नाकडे. गहू आणि दूध हीच जोडी का? 1979 मध्ये याक पांकसेप या संशोधकाने एक कल्पना मांडली की ऑटिझमच्या काही लक्षणांचं मेंदूतल्या अफूसदृश रसायनांच्या परिणामाशी साम्य आहे. पुढे नॉर्वेच्या कार्ल रायकेल्ट आणि इतरांनी ती अन्नाशी जोडली: ग्लुटेन आणि दुधातलं केसिन अर्धवट पचलं की अफूसारखे गुण असलेले प्रथिनांचे तुकडे तयार होतात, ते ‘गळक्या’ आतड्यातून रक्तात आणि तिथून मेंदूत जातात, आणि लघवीतून बाहेर पडतात. कल्पना ऐकायला पटण्याजोगी होती. असे तुकडे पचनात तयार होतात हेही खरं आहे. पण पुढे अधिक अचूक यंत्रांनी ऑटिझम असलेल्या मुलांची लघवी तपासली, तेव्हा ते तुकडे सापडले नाहीत. लंडनच्या डॉक्टरांनी 2008 मध्ये ऑटिझम असलेल्या 65 मुलग्यांची इतर मुलांशी तुलना केली. त्यातही निकाल तोच. एवढं होऊनही लघवीची ती तपासणी कुणी पैसे घेऊन करून देत असेल, तर ते पैसे वाया जातात असंच मी म्हणेन.

सिद्धांत चुकला तरी आहाराचा गुण येऊ शकतो, म्हणून संशोधकांनी थेट आहाराचीच परीक्षा घेतली. 2006 मध्ये फ्लोरिडात 15 मुलांवर 12 आठवड्यांचा प्रयोग झाला. कोणत्या आठवड्यांत मुलाच्या जेवणात गहू-दूध आहे हे पालकांनाही ठाऊक नव्हतं आणि मुलाला तपासणाऱ्यांनाही. मोजमापात फरक दिसला नाही, तरी काही पालकांनी सुधारणा जाणवल्याचं सांगितलं. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा प्रयोग याहून काटेकोर होता. 14 मुलांचं गहू आणि दूध आधी काही आठवडे पूर्ण बंद केलं, आहारतज्ज्ञांकडून पोषण सांभाळलं, आणि मग एकेका खाऊतून कधी ग्लुटेन, कधी केसिन, कधी दोन्ही आणि कधी काहीच नाही असं गुपचूप दिलं. शी, झोप, चंचलपणा, ऑटिझमची लक्षणं, कशातच फरक पडला नाही. यात एक बारकावा आहे. सीलिअ‍ॅक आणि अ‍ॅलर्जी असलेली मुलं या प्रयोगात मुळात घेतलीच नव्हती. म्हणजे ज्यांचं पोट दूध-गव्हाने खरंच बिघडतं त्यांच्याविषयी हा प्रयोग काही सांगत नाही, बाकीच्यांविषयी सांगतो.

गुण आल्याचं सांगणारे अभ्यासही आहेत, नॉर्वेतला 2002 चा आणि डेन्मार्कमधला 2010 चा. त्यात मुलाला काय खायला मिळतंय हे घरच्यांना माहीत होतं, आणि प्रश्नावल्याही त्यांच्याच उत्तरांवर बऱ्याच अंशी अवलंबून होत्या. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी 2013 मध्ये हे सगळं पाहूनच सांगितलं की ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी गहू-दूधबंदीचा आहार देऊ नये.

मग ज्या आया शपथेवर फरक पडला म्हणतात त्या काय खोटं बोलतात? मुळीच नाही. आशेने पाहणाऱ्या डोळ्यांना काय दिसतं, याचं एक उदाहरण सांगतो. 1998 मध्ये सिक्रेटिन नावाचं पचनसंस्थेतलं संप्रेरक तपासणीसाठी टोचल्यावर तीन मुलांच्या ऑटिझममध्ये मोठी सुधारणा झाल्याचं प्रसिद्ध झालं आणि अमेरिकेत त्या इंजेक्शनसाठी झुंबड उडाली. पुढच्याच वर्षी 60 मुलांवर परीक्षा घेतली गेली. निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना मिठाचं पाणी. सुधारणा दोन्ही गटांत नोंदली गेली. मिठाच्या पाण्याच्या गटात तर थोडी जास्तच. निकाल सांगितल्यावरही 69 टक्के पालक म्हणाले, आम्हाला अजूनही सिक्रेटिनमध्ये रस आहे. हे वाचून मला कुणाचं हसू आलं नाही. मूल वाढत असतं, थेरपी चालू असते, आहार सुरू केला जातो तोही बहुधा सगळ्यात वाईट आठवड्यात, आणि त्यानंतरचा आठवडा आपसूकच बरा जातो.

आणि काही मुलांत फरक खरोखर पडतो. दूध बंद झाल्यामुळे ज्याची बद्धकोष्ठता सुटली, ते मूल रात्रभर झोपतं. झोपलेलं मूल सकाळी कमी चिडतं, थेरपीत बसतं, हाक मारली की वळतं. रोज चार-पाच बाटल्या दूध पिऊन पोट भरणाऱ्या मुलाचं दूध कमी केलं तर त्याला भूक लागते, ते जेवतं, आणि जास्त दुधाने कमी झालेलं लोह भरून निघू लागतं. लोहाची कमतरता आणि अस्वस्थ झोप यांचा संबंध सर्वज्ञात आहे. हे सगळं खरं आहे. त्याचा ऑटिझम होता तिथेच आहे, पण त्यावर चढलेलं दुखणं उतरलं आहे. शेजारच्या ज्या मुलाचं पोट मुळात ठणठणीत आहे, त्याचं दूध बंद करून यातलं काहीच होणार नाही.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर ऑटिझमच मुलाचं खाणं ठरवतो. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये पहिल्यांदा या अवस्थेचं वर्णन केलं, तेव्हाच त्यांच्या 11 मुलांपैकी 6 जणांना जन्मापासून खाण्याच्या गंभीर अडचणी असल्याचं लिहून ठेवलं होतं. या मुलांना चव, वास, स्पर्श आपल्यापेक्षा फार तीव्र जाणवू शकतात. वरणात आलेली टोमॅटोची एक साल, भाताला लागलेला भाजीचा रस, नेहमीच्या बिस्किटाच्या पुड्याचा बदललेला रंग, एवढ्यावर अख्खं जेवण नाकारलं जातं. ते हट्टाने नव्हे. ऑस्ट्रेलियात 247 मुलांच्या शीतल्या जिवाणूंचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. आतड्यातले बिघडलेले जिवाणू ऑटिझम घडवतात असं तोवर बरंच बोललं जात होतं. या अभ्यासाचा कौल उलटा पडला. ऑटिझममुळे मूल मोजकंच खातं, आणि मोजकंच खाल्ल्यामुळे जिवाणूंची विविधता घटते.

म्हणूनच मला या बंदीची खरी भीती वाटते. जे मूल पाचच पदार्थ खातं, त्यातून पोळी आणि दूध काढलं तर उरतं काय? 2008 मध्ये अमेरिकेत ऑटिझम असलेल्या 75 मुलग्यांच्या हाताची हाडं एक्स-रेवर मोजली गेली. त्यांच्या हाडांची जाडी एकूणच अपेक्षेपेक्षा कमी भरली, आणि दूधबंदीच्या आहारावर असलेल्यांची तूट बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट होती. बोस्टनच्या डॉक्टरांनी तर स्कर्व्ही, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, झालेली मुलं पाहिली आहेत: लंगडणारी, चालायलाच तयार नसलेली, हिरड्यांतून रक्त येणारी. रोजच्या खाण्यात एकही फळ नाही, भाजी नाही, लिंबू नाही.

पैसे उकळणाऱ्या एका तपासणीविषयीही बोलायलाच हवं. रक्ताच्या एका नमुन्यातून दीड-दोनशे पदार्थांची ‘फूड सेन्सिटिव्हिटी’ सांगणारे अहवाल मिळतात, लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांत. बहुतेक ही आयजीजी चाचणी असते. आयजीजी म्हणजे रक्तातली एक प्रकारची प्रतिपिंडं. अन्नाविरुद्धचं आयजीजी रक्तात असणं म्हणजे त्या पदार्थाच्या नावापुढे हजेरीपटावर खूण असणं. मुलाने तो खाल्ला आहे एवढंच त्यातून कळतं. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच अन्न न मानवण्याच्या निदानासाठी ही चाचणी वापरू नका असं सांगितलं. मूल जे रोज खातं तेच नेमकं लाल रंगात येतं, आणि आई एकाच दिवशी गहू, दूध, अंडं, केळं, तूरडाळ सगळं बंद करते.

पोटाची लक्षणं खरोखर असतील आणि डॉक्टरही दूध थांबवून पाहायला सांगत असतील, तर ते नेटाने करा. एका वेळी एकच पदार्थ. दोन ते चार आठवडे. त्या काळात नवी थेरपी, नवं औषध, नवी शाळा सुरू करू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. वहीत रोज लिहा: शी झाली का, कशी झाली, रात्री कितीदा उठला, जेवणानंतर काय झालं. शाळेतल्या बाईंना आहाराचं सांगू नका, आणि त्यांना आठवड्याच्या शेवटी फक्त ‘कसा होता?’ एवढंच विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ठरलेल्या दिवशी दूध पुन्हा सुरू करून पाहा. बहुतेक घरं ही पायरी गाळतात आणि वर्षानुवर्षं विनाकारण दूध बंद ठेवतात. फक्त गांधी, सूज, धाप अशी अ‍ॅलर्जी असेल तर हे पुन्हा सुरू करणं घरी करायचं नाही, ते दवाखान्यातच.

गहू सोडावा लागलाच तर आपल्याकडे ते त्या मानाने सोपं आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा यांत ग्लुटेन नाही. महागडे ग्लुटेन-फ्री बिस्किटांचे पुडे आणायची गरज नसते. गोम मात्र भलत्याच ठिकाणी असते: बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू आपल्या ज्वारीत येतो, आणि सांबार मसाल्यापासून चॉकलेटपर्यंत पुड्यामागची अक्षरं वाचावी लागतात. सीलिअ‍ॅक असेल तर हे सगळं काटेकोरपणे आयुष्यभर पाळायचं. दूध बंद असेल तर कॅल्शियमचा हिशेब करा. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 550 मिलिग्रॅम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं, पण एवढी नाचणी लहान मूल एका दिवसात खात नाही, म्हणून तीळ, राजगिरा, काट्यासकट खायचे छोटे मासे, किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं पूरक औषध लागतंच. बदामाच्या दुधात प्रथिनं नावालाच असतात; त्याला दुधाची जागा देऊ नका.

पोट साफ होत नसेल, मूल पोट दाबून पडत असेल, तर ऑटिझमची थेरपी चालू ठेवून बालरोगतज्ज्ञांना पोटासाठी म्हणून वेगळं दाखवा आणि मोबाईलवर त्या वागण्याचा व्हिडिओ घेऊन जा. दवाखान्यात नेमकं मूल तसं करत नाही. खासगीचा खर्च झेपत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या जिल्हा पातळीवरच्या केंद्रात, ज्याला डीईआयसी म्हणतात, बालरोगतज्ज्ञ आणि थेरपिस्ट एकाच ठिकाणी मोफत भेटू शकतात. शीतून रक्त, वारंवार उलट्या, घटणारं वजन, थांबलेली उंची, लंगडणं किंवा अचानक चालायला नकार, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा.